ताईचं शेवटचं प्रकरण

छापखान्यात माझं काम टायपिंगचं. लेखकांची हस्तलिखितं संगणकावर चढवायची, ओळी नीट बसवायच्या, मजकुरात नाक खुपसायचं नाही. तीन वर्षं मी ते इमानेइतबारे केलं. मग एका लेखिकाबाईंची कादंबरी आली.

चाळिसाव्या पानापर्यंत येता येता माझी बोटं अडखळायला लागली. सोळाव्या वर्षी शाळेतून काढून लग्न लावलेली मुलगी, शिवणकारखान्यातलं काम, बोटात घुसून तुटलेली मशीनची सुई, तसंच फडकं गुंडाळून पूर्ण केलेली शिफ्ट. हे सगळं माझ्या ताईचं होतं. दोन वर्षांपूर्वी या बाई तिच्या कारखान्यात आल्या होत्या. आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत तिच्याशेजारी बसायच्या, आणि ताईने मला कधी न सांगितलेलंही त्यांना घडाघडा सांगून टाकलं होतं.

शेवटच्या प्रकरणात मुलगी पुलावरून उडी मारत होती.

मला खुर्चीत बसवेना. मालकांना कळलं तर नोकरी जाणार हे माहीत असूनही मी ती पानं पिशवीत घातली आणि कारखाना गाठला. ताईने फाटकाशी उभ्या उभ्या वाचलं.

"मला मारलं की गं यांनी."

"तुला नाही, पुस्तकातल्या मुलीला."

"सुई माझी, बोट माझं, आणि मेली ती कुणी दुसरीच? माझी पोरगी दहावीत आहे. हाताला लागेल ते वाचते. उद्या हे वाचलं तर?"

रविवारी आम्ही दोघी बाईंच्या घरी गेलो. ताईला बघून त्यांना मनापासून आनंद झाला. मग आम्ही का आलो ते ताईने सांगितलं.

"लोक हळहळतात आणि पुस्तक मिटून जेवायला बसतात," त्या म्हणाल्या. "त्यांना हलवायचं तर असा शेवट लागतो."

"मी पुलावर गेले होते," ताई म्हणाली. मी चमकून तिच्याकडे पाहिलं. "तासभर उभी होते. मग पाय दुखायला लागले, शिफ्टची वेळ झाली, म्हणून कामावर गेले. हे तुम्हाला सांगितलं होतं मी."

"सांगितलं होतंत." बाईंनी मान खाली घातली. "ते लिहायला जमेना मला. उडी लिहिणं सोपं गेलं."

पानं बाहेर नेल्याबद्दल त्या मालकांकडे एक शब्द बोलल्या नाहीत. महिन्याभराने नवं शेवटचं प्रकरण आलं. त्यात मुलगी पुलावरून परत येते, नवऱ्याला सगळ्यांदेखत खडसावते, कारखान्यातल्या बायका टाळ्या वाजवतात. ताईने वाचून पानं परत दिली.

"बरं आहे. पोरीला वाचायला दे."

"तुला आवडलं?"

"टाळ्या कुठे वाजल्या गं? उशीर झाला म्हणून मुकादमाने झापलं होतं मला." ती थोडं हसली आणि कामाला लागली.

पुस्तक आता दुकानांत आहे, लोक चांगलं म्हणतात. मी मात्र अजून उघडून पाहिलेलं नाही. ताईची शिफ्ट सुटून ती पुलाच्या वाटेला लागली की मी तिला फोन करते. काय गं, म्हणते ती. काही नाही, म्हणते मी, आणि ती घराचं दार उघडेपर्यंत काहीबाही बोलत राहते.