तारखेप्रमाणे लावलेली रद्दी

कोलशेतला राहायला आल्यापासून माझी रद्दी मनुबाईच्या चुलीत जाते. आमच्या इमारतीच्या फाटकासमोरच तिचं कौलारू घर आहे. दारातल्या चुलीवर ती सकाळी अंघोळीचं पाणी तापवते आणि मग फाटकापाशी मासळी घेऊन बसते. मी चाळीस वर्षं वाचनालयात नोकरी केली. त्यामुळे वर्तमानपत्रं तारखेप्रमाणे लावून, घडी न मोडता, सुतळीने बांधून देतो. गठ्ठा घेताना ती दर वेळी विचारते, "भाऊ, चूल काय तारीख बघून पेटते?"

यंदा मे महिन्यात माझ्या सुनेने, योगिनीने, इमारतीतल्या आणि गावठाणातल्या मुलांसाठी गच्चीवर शिबिर घेतलं. मला न विचारताच फळ्यावर लिहून टाकलं: रविवारी सकाळी नऊ वाजता, 'कागद कसा जळतो?', सांगणार आजोबा.

"अगं, मला चार माणसांत बोलता येत नाही," मी म्हणालो.

"मुलं आहेत बाबा, माणसं नाहीत."

माझ्या निरोप समारंभात मी बोलायला उभा राहिलो, 'आभारी' म्हणालो आणि 'आहे' म्हणायच्या आत खाली बसलो. त्याला अकरा वर्षं झाली. एकदा तरी पुरतं बोलून मग बसावं, एवढीच इच्छा होती. या वेळी फसलं तर पुन्हा कोणी विचारणार नाही, हेही कळत होतं. म्हणून तीन पुस्तकं वाचून चार पानांचं भाषण लिहिलं, तेही पेन्सिलीने. माझ्या वाक्यांवर माझाच भरवसा नसतो. खोडायची सोय असलेली बरी.

रविवारी अठरा मुलं जमली. मनुबाईची नात प्राप्ती सगळ्यांत पुढे बसली होती. खुद्द मनुबाई टाकीजवळ कमरेवर हात ठेवून उभी. "आमचा सरपण वर कशाला चाललाय ते बघाय आले," ती म्हणाली.

मी घमेल्यात रद्दीचा एक गठ्ठा ठेवला, शेजारी पाण्याची बादली ठेवली आणि वाचायला लागलो. कागद आपल्याला जळताना दिसतो, पण तापल्यावर त्यातून निघणारा वायू आधी पेट घेतो, इथपर्यंत ठीक गेलं. मग काडी लावली. गठ्ठ्याची कड लाल झाली, काळी पडली आणि विझली. दुसरी काडी लावली, तिसरी लावली. तेच.

"आजोबा, फायरप्रूफ पेपर आहे का?" मागून कोणीतरी विचारलं. मुलं खिदळली.

"भाऊ, आठवड्याचे पेपर एकावर एक दाबून बसवलेत," मनुबाई म्हणाली. "हवा कुठून जाईल आत? चुरगळा ना!"

मला हे ठाऊक होतं. भाषणाच्या तिसऱ्या पानावर हेच लिहिलं होतं. पण ज्या माणसाने पानाचा कोपरा दुमडला म्हणून लोकांना दंड केला, त्याचा हात छापलेल्या कागदावर कसा उठणार? त्यात सुतळीची गाठही सुटेना.

"द्या इकडं, मी करते," म्हणत मनुबाई पुढे आली.

तिने केलं असतं तर मी पुन्हा खाली बसलो असतो. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, हातात अजून चार कागद आहेत आणि त्यांवर माझंच लिखाण आहे. ते चुरगळायला मला काहीच वाटलं नाही. पहिल्या पानाचा बोळा केला, काडी लावली. भपकन जाळ उठला. मुलांनी टाळ्या पिटल्या. मग दुसरं पान, तिसरं, चौथं.

"आता पुढचं सांगा," प्राप्ती म्हणाली.

पुढचं जळून गेलं होतं. मी घमेल्याकडे बघत जे दिसत होतं ते सांगायला लागलो. बोळ्याच्या घड्यांमध्ये हवा असते. पातळ कागद चटकन तापतो, पण गठ्ठ्याच्या पोटात ना हवा पोचते ना पुरेशी उष्णता. किती वेळ बोललो कोण जाणे. जाळ विझला तेव्हा मी अजून उभाच होतो.

प्राप्ती घमेल्यावर वाकली. "आजोबा, जळलेल्या कागदावर अक्षरं आहेत!"

खरंच होती. काळ्या पापुद्र्यावर पेन्सिलीची अक्षरं रुपेरी चकाकत होती. तिने हात न लावता मोठ्याने वाचलं, "मुलांनो, माझं काही चुकलं तर सांभाळून घ्या."

"जालला तरी यांचा रडगाना काय जात नाय!" मनुबाई म्हणाली, आणि अख्खी गच्ची हसली. मीही हसलो. मग पेन्सिलीतलं ग्राफाइट एवढ्या आगीत सहसा जळत नाही, हे सांगितलं. ते चारांपैकी एकाही पानावर नव्हतं. शेवटी "आभारी आहे" म्हणालो. दोन्ही शब्द म्हणालो आणि मग बसलो.

महिनाअखेरीस मी मन घट्ट करून प्रत्येक वर्तमानपत्राचे बोळे केले आणि दोन फुगलेल्या पिशव्या मनुबाईच्या दारात नेऊन ठेवल्या. तिने आत डोकावून पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"अरे देवा! भाऊ, आता तारीख कशी बघू?"