मरीमायच्या नावाचं जावळ

गोविंदाला लोक पोरगी समजायचे आणि त्यात लोकांचा काही दोष नव्हता. चार वर्षांच्या पोराच्या पाठीवर वेणी, वेणीला लाल फीत. दुसरं काय समजणार? मोंबासाहून मुंबईला येताना बोटीवरच्या एका बाईनं त्याला कौतुकानं बाहुली देऊ केली. वर्ध्याहून पांढरकवड्याला जाणाऱ्या मोटारीत कंडक्टर म्हणाला, "बाई, पोरीले मांडीवर घ्या."

"मी पोरगा हाय!" गोविंदा ओरडला. सगळी मोटार हसली. जयानं नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं खिडकीबाहेर पाहिलं.

नवरा म्हणजे उकंडा. आधी तो वणीकडच्या कोळशाच्या खाणीत फिटर होता. पंचावन्न साली खाणीतल्या साहेबाबरोबर आफ्रिकेत गेला, मोंबासाच्या गोदीत क्रेनच्या कामाला लागला. जयाला सोबतच नेलं. निघताना त्याच्या आईनं, रुखमाबाईनं, वस्तीच्या कडेला कडुलिंबाखाली बसलेल्या मरीमायला नवस केला होता. उकंडाला मुलगा झाला तर त्याचं जावळ तुझ्याच पायाशी काढीन, तोवर केसांना कात्री लागू देणार नाही. बाईचं तरी काय चुकलं? आधीची तिची लेकरं जगली नव्हती. हा एक जगला, तोही जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवून उचलला म्हणून. नावही त्यावरूनच पडलं. असं जगवलेलं लेकरू दर्यापार चाललं होतं.

मुलगा झाला, पण गावी यायला लांब रजा मिळेना. तोवर केस वाढत राहिले. रोज सकाळी गोदीत जायच्या आधी उकंडा पोराला पुढ्यात घेई, तेल लावी, वेणी घाली. जयाला हात लावू देत नसे. त्या मुलखात त्याला नावानं हाक मारणारं कोणी नव्हतं. सुट्टीच्या दिवशी तर घर खायला उठायचं. ती वेणी हातात असली की आपण अजून आईचे आहोत असं त्याला वाटायचं.

आफ्रिकेत गेल्यावर दुसऱ्याच वर्षी गावच्या मास्तरांनी पत्रात लिहिलं होतं: आपण सर्व बौद्ध झालो, तुझी आई खुशाल आहे. उकंडानं गोदीत पेढे वाटले होते. तेव्हा पोर पोटातही नव्हतं. पुढे पोर झालं तेव्हा जया म्हणाली, "आता कायचा नवस? काढून टाका केस."

"तू मायले ओळखत नाई," उकंडा म्हणाला. "धरम बदलला म्हणून दिलेला शब्द बदलन का ती?"

झालं! पत्रात विचारून घ्यावं, तर तेही नाही. आईला शब्दाची आठवण करून द्यायची, तीही पत्र वाचून दाखवणाऱ्या मास्तरांच्या तोंडून, हे त्याला हलकेपणाचं वाटलं. शहाणपणाला सुट्टी दिली की माणूस असाच तर्क लढवतो.

पांढरकवड्याहून बैलबंडीनं ते गावी पोचले तेव्हा अर्धी वस्ती रस्त्यावर आली होती. सगळ्यांत पुढे त्याचे काका, बाबाराव.

"जय भीम, बापू!"

"राम राम, काका," उकंडाच्या तोंडून निघून गेलं.

मग बाबाराव मोठ्यानं हसले. "आफ्रिकेत अजून राम रामच चालू हाय काय?" हसणं मायेचंच होतं, पण उकंडाचे कान तापले. तेवढ्यात गोविंदा बंडीतून उडी मारून दिसेल त्याला "जय भीम" म्हणत सुटला. पोराला जे एका दमात आलं, ते बापाच्या जिभेवर बसेना.

रुखमाबाई थकली होती. अंगावर पांढरं लुगडं होतं. नातवाला तिनं छातीशी धरलं, पाठीवरून हात फिरवला आणि हात वेणीवर थांबला.

"हे काय?"

"जावळ, माय," उकंडा हसत म्हणाला. किती दिवस तो या घटकेची वाट पाहत होता! "तू मरीमायले बोललती ना, त्या नवसाचं. येक केस कापला नाई. उद्याच काढू."

"कोणती मरीमाय?"

तिनं खोचून विचारलं नव्हतं. मग तिलाच आठवलं आणि ती मटकन बसली. "तिले तं मी माह्या हातानं डोहात सोडली, बापू. दीक्षा घेऊन आलो त्याच आठवड्यात. देवीच नाई तं नवस कोणाचा? मले वाटलं, तुले समजलं असन."

वरातीमागून घोडं म्हणतात ते असं. जया सामान उचलून घरात गेली; बोलली असती तर बरं झालं असतं.

"लेकराले पोरीवानी ठेवलं, अन् तेही माह्या नावानं!" रुखमाबाईला फार लागलं होतं. ती उठली, कात्री घेऊन आली आणि गोविंदाला अंगणात बसवलं.

"माय, निदान..." उकंडा म्हणाला.

वेणी कापताना गोविंदा खदखदून हसत होता. डोकं मोकळं होताच तो वस्तीतल्या पोरांत पळाला आणि चार पोरांत ओळखू येईनासा झाला. वेणी उकंडाच्या हातात राहिली. तिचं काय करायचं, हे कोणीच सांगितलं नाही. तो ती घेऊन कडुलिंबाखाली गेला. जागा झाडून लख्ख होती. दगड नव्हता, शेंदूर नव्हता. मोंबासात आपलं घर दूर आहे एवढी तरी समजूत होती. इथे घराजवळ उभं राहून त्याला आयुष्यात वाटलं नव्हतं इतकं एकटं वाटलं.

मागून आई आली. त्याच्या हातातली वेणी घेऊन तिनं बाजूला ठेवली आणि त्याला शेजारी बसवलं.

"रागावला?"

"नाई. सारे बदलले, अन् मी कुठीच नव्हतो, माय."



"दीक्षेच्या दिवशी नागपूरले मुंगीले वाट नव्हती," रुखमाबाई म्हणाली. "जो तो आपलं लेकरू धरून बसलता. मले ठाव होतं तू दर्यापार हायस. तरी भाकरीचं फडकं बाजूले अंथरून तुही जागा धरली मी. लोक म्हणत, सरक वो बुढे. मी म्हणो, माहा लेक येऊन राह्यला."

"मंग?" उकंडानं विचारलं.

"मंग येक बाई आली. कडेवर पोरगं, उन्हानं लाल झालेलं. तिनं विचारलं, इथं कोणी हाय का?" रुखमाबाईनं नाक पुसलं. "मी फडकं उचललं, बापू. नाई म्हटलं, कोणी नाई. बसव त्याले."