आईच्या नावाचा रकाना

२०२३ सालचा एप्रिल होता. दुपारी तीनच्या उन्हात होटगीहून दोघी जावा माझ्या सोलापुरातल्या घरी आल्या. थोरल्या केराबाईनं पिशवीतून मोबाइल काढला आणि माझ्यापुढे धरला.

"बिरूनं काय तरी धाडलंय बघा. विंग्रजीत हाय. वाचा की बाई."

होटगीच्या शाळेत मी अठ्ठावीस वर्षं शिकवलं. निवृत्त होऊन बराच काळ लोटला, तरी त्या गावाचे कागद अजून माझ्याकडे येतात. बिरुदेव केराबाईचा मुलगा. चिंचोळी एमआयडीसीत मशीनवर काम शिकला, तिथून कॅनडाला गेला आणि तिथलाच झाला. दोघी जावांचे नवरे वारले होते. आता त्याला आईला कायमचं तिकडे न्यायचं होतं. तिथलं सरकार चिठ्ठ्या काढल्यासारखे आईबापांचे नंबर काढतं. तीन वर्षांनी त्याचा नंबर लागला होता.

तिथल्या सरकारचं पत्र लहानच होतं. शाळेच्या दाखल्यावर आईचं नाव केराबाई आणि महापालिकेच्या जन्मदाखल्यावर शिवबाई. तपासणी करून आई कोण ते सिद्ध करा, नाहीतर दत्तकाचा कायदेशीर कागद पाठवा. मुदत साठ दिवस.

मी ते दोघींना मराठीत सांगितलं. धाकटी जाऊ शिवबाई भिंतीला टेकून बसली होती. तिनं पदर डोक्यावर ओढून घेतला.

"तपासनी मंजे रगताची?" केराबाईनं विचारलं.

"रक्त नाही काढत. गालाच्या आतून कापूस फिरवतात. मूल कुणाच्या पोटचं ते त्यावरून कळतं."

"थुकीवरनं?" केराबाई हसली. "आन् इतकी वरसं सगळं गाव त्वांड दाबून बसलं, ते उगंच व्हय?"

गाव गप्प बसलं होतं, हे खरं. लग्नाला बारा वर्षं होऊनही केराबाईला मूल नव्हतं. शिवबाईला दोन मुलींवर मुलगा झाला. बाळंतपण अडलं म्हणून तिला सोलापूरच्या दवाखान्यात नेलं होतं, आणि तिथल्या नोंदीत अर्थातच तिचं नाव लागलं. तेराव्या दिवशी बिरोबाच्या देवळात तिनं ते मूल जावेच्या मांडीवर ठेवलं. चार माणसांनी गूळ खाल्ला. कागद कुणी केला नाही. अंगावरचं दूध तुटेपर्यंत शिवबाईनंच पाजलं, पण बोलायला लागल्यावर 'काकू' म्हण, असं त्याला तिनंच शिकवलं.

१९९९ च्या जूनमध्ये केराबाई त्याचा हात धरून शाळेत आली. त्या सुमाराला रजिस्टरमध्ये आईच्या नावाचा रकाना नवा आला होता. मी नाव विचारलं. तिनं माझ्याकडे सरळ बघत स्वतःचं सांगितलं. मला सगळं ठाऊक होतं. जन्माचा दाखला आणा, असं मी म्हणाले नाही. निळ्या शाईनं, नवऱ्याच्या नावासकट, 'केराबाई सिदू' असं लिहिलं.

पत्र आल्यावर चार दिवसांत मी दोन वकिलांना भेटले. मागच्या तारखेचं दत्तकपत्र होत नाही, असं दोघांनीही सांगितलं. जावा पुन्हा आल्या तेव्हा मी ते त्यांच्या कानावर घातलं.

शिवबाई पहिल्यांदाच बोलली. "अक्का, मी येते की संगं. थुकी माझी द्यायची, जायाचं तू."

"तिथं पासपोर्ट बघतात, फोटो काढतात," मी म्हणाले.

"मग ऱ्हाऊ द्या. कुनीच न्हाय जायाचं. त्यो मला काकू म्हनतोय बाई. काकूला कशाला नेतंय सरकार?"

"पोर दिलं तवा हिनं माझ्याकडनं कागद मागितला न्हाय," केराबाई म्हणाली. "आता म्या हिच्याकडं काय मागू? बाई, हिचं नाव लिवा. नंबर आईचा लागलाय न्हवं? आई जाईल."

"अक्का, मला न्हाय जमायचं त्ये."

"थोरली कोन हाय?"

"तू."

"मग गप ऱ्हा. लई शानपना करू नगंस."

तिकडे पहाट होती. बिरुदेव कामावर निघायच्या तयारीत होता. फोन स्पीकरवर ठेवून केराबाईनं त्याला सगळं एका दमात सांगितलं, दवाखाना, देऊळ आणि गूळसुद्धा. मग तो म्हणाला, "बाई, फोन स्पीकरवरनं काढा."

मी काढला. केराबाई फोन कानाला लावून ऐकत होती. "व्हय," ती म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "व्हय." मग म्हणाली, "रडू नगंस. कामाला उशीर हुईल." आणि शेवटी, "तितं थंडी लई म्हनं. काकूला सोसंल का रं?"

अर्जातलं आईचं नाव बदललं. शिवबाईचा पासपोर्ट काढायचा म्हणून दोघींची रेशनकार्डंही दुरुस्त झाली. केराबाईच्या कार्डावरचं बिरूचं नाव शिवबाईच्या कार्डावर गेलं.

तपासणी पुण्याला होती. आम्ही तिघी पहाटेच्या गाडीनं गेलो. रक्त काढणार या समजुतीनं शिवबाई सकाळपासून उपाशीच होती. ती आत गेली. केराबाई बाहेर बाकावर तिची पिशवी मांडीवर घेऊन बसली. दहा मिनिटांत शिवबाई बाहेर आली.

"अक्का, दुकलं बी न्हाय बघ."

"मग बरंच झालं की. चल, खाऊन घे."

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. आई शिवबाईच होती.

२०२५ च्या जानेवारीत शिवबाई कॅनडाला गेली. तिला तिथं कायमचं राहायचा कागद मिळाला. बिरूच्या मुलीला ती सांभाळते. बर्फात चालायचे बूट तिला जड होतात, असं फोनवर सांगते. बिरूची बायको प्रियंका परत कामावर जाऊ लागली. शिवबाईच्या दोन्ही मुली वैरागला दिल्या आहेत. आपली आई विमानात बसली, याचंच त्यांना जास्त कौतुक. बिरू वर्षातून एकदा येतो आणि होटगीत केराबाईजवळच राहतो. तिला सहा महिन्यांसाठी तिकडे न्यायचा अर्ज त्यानं दोनदा भरायला घेतला. पण नात्याच्या जागी काकू लिहावं लागतं, तिथं तो थांबतो. माझे गुडघे गेले. आता मी फारशी बाहेर पडत नाही.

शेवटची बाहेर पडले ती गेल्या मार्गशीर्षात. केराबाईला म्हातारपणाची सरकारी पेन्शन मिळते का ते बघायला तहसील कचेरीत गेलो होतो. खिडकीतली मुलगी कागद चाळत म्हणाली, "आजी, तुमचं सोपं आहे. रेशनकार्डावर तुम्हाला अपत्य नाही. मुलगा नाही ना तुम्हाला?"

"हाय की," केराबाई म्हणाली. "येक हाय. कॅनडाला असतोय."

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. "अहो, कमावता मुलगा लिहिला तर अर्ज बसणार नाही. कागदावर तर नाहीच आहे."

मी केराबाईला समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि खिडकीतून हात घालून आपले कागद मागून घेतले.

"न्हाय बसला तर ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "होटगीची गाडी कितीला हाय बाई? शेरडं बांदायची हायती."