झोपलेल्या पेशींचं इंधन

ही गेली त्या सकाळी मी स्वतःला पेशीगुरू म्हणवणाऱ्या एका बाबाच्या सभेत बोलत होतो. "माझ्या बायकोला उतार पडलाय," असं छातीठोक सांगत होतो. तिच्या हाडांच्या मगजात रक्त तयार होत नव्हतं. गुरूच्या शब्दावर मी तिचं रक्त चढवणं बंद करून त्याचं 'इंधन' नावाचं औषध सुरू केलं होतं.

पुढच्या रांगेतल्या सायकल दुरुस्तीवाल्याने विचारलं, "काका, माझ्या आईचंही रक्त चढवणं थांबवू?"

"डोळे झाकून!" मी म्हणालो.

तेवढ्यात मुलीचा फोन आला. "बाबा, आई गेली."

मी गप्प झालो. लोकांना वाटलं, भाषण संपलं. टाळ्या पडल्या.

मुलगी शाळेत विज्ञान शिकवते. पंधरवड्याने ती म्हणाली, "तुमच्या शब्दावर आणखी किती जण उपचार थांबवून बसलेत? चला, मला तो पडद्यावरचा पेशींचा नाच बघायचाय."

सभागृह खचाखच भरलं होतं. गुरू गरजत होता, "मूळपेशी आजारी नाही, उपाशी आहे! इंधन बदला, माणूस बदलेल!" बोटाचं पातळ केलेलं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून तो त्यात इंधनाचा थेंब सोडी. पडद्यावर ठिपके धावत सुटत. लोक हात जोडत.

मुलगी पुढे गेली. "मला इथे सगळ्यांसमोर टोचून घ्यायची भीती वाटते. रक्त घरूनच काढून आणलंय," म्हणत तिने कुपी पुढे केली.

थेंब पडला, धावपळ सुरू झाली. "बघा, पोरीच्या पेशी किती भुकेल्या!"

"गुरुजी, हा चित्रकलेचा लाल रंग आहे. पाण्यात कालवलेला."

मागून एक आजोबा म्हणाले, "अरेच्चा, रंगालाही भूक लागते होय!"

"श्रद्धा नसेल तर..." गुरू चाचरला.

"रंगाची श्रद्धा होती वाटतं?" तिने इंधनाची बाटली हुंगली. "ह्यात स्पिरिट आहे. ते पाण्यात पडलं की पाणी ओढलं जातं, आणि त्यात तरंगणारं सगळं पळतं. रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी इंधन बदलतात, हे खरं. झोपलेल्या असताना त्यांतल्या बऱ्याच जणी ऑक्सिजनवाचून थोड्या साखरेवर भागवतात; कामाला लागल्या की ऑक्सिजन घेऊन साखर, चरबी जाळतात. पण ते पेशीच्या आत चालतं. ह्या पडद्यावर ते दिसत नाही आणि ह्या थेंबाने घडत नाही."

मी मान खाली घालून बसलो होतो. एवढी साधी परीक्षा मलाही घेता आली असती. हात जोडण्याआधी तुम्ही ती घ्या. उपचार थांबवण्याआधी डॉक्टरांना विचारा. माझ्यासारख्याच्या भाषणावर जाऊ नका.

सभेतून मी थेट त्या सायकल दुरुस्तीवाल्याच्या दुकानावर गेलो. कुलूप होतं. शेजारी म्हणाले, आईला घेऊन बहिणीकडे गेलाय, पत्ता माहीत नाही. फोन लागत नाही. ही गेली, हे त्याला अजून कोणी सांगितलेलं नाही.