नालवाडीतला अंगठा

मित्रांनो, माझं निळं पोट पाहून हसू नका. मी एक जुना शाईचा डबा आहे. लोक मला स्टॅम्पपॅड म्हणतात. वर्ध्याच्या कोर्टातले बेलीफ हरिदासभाऊ यांच्या पिशवीत माझी एकवीस वर्षं गेली.

कोर्टाचा कागद ज्याचा त्याच्या हाती देणं हे बेलिफाचं काम. घेणाऱ्याला सही येत नसेल, तर तो माझ्यावर अंगठा टेकवतो आणि दुसऱ्या प्रतीवर उमटवतो. कागद पोचल्याचा तोच पुरावा. 'हरिदासची बजावणी पक्की,' असं कोर्टात म्हणत आणि इकडे पिशवीत मी फुगून जायचो.

मागच्या वर्षी आम्ही नालवाडीला मनकर्णाबाईंकडे समन्स घेऊन गेलो. राहतं घर आपल्या एकट्याचं आहे, असा दावा त्यांच्या दिराने लावला होता. मनकर्णाबाई कामावर गेलेल्या. ओट्यावर शेजारच्या गुलाबबाई तांदूळ निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "द्या ना भाऊ, मी देते तिले. तिचं सिलिंडर बी मीच घेते." त्यांनी अंगठा दिला, अगदी ठसठशीत. घरातल्या मोठ्या माणसाकडे दिलेला कागदही चालतो, म्हणून हरिदासभाऊंनी त्यांना घरातल्याच समजून अहवालात तसं लिहिलं. मीही खूश होतो.

त्याच संध्याकाळी गुलाबबाई लेकीच्या बाळंतपणाला पुलगावला गेल्या. समन्स त्यांच्या पेटीत साड्यांखाली राहिलं. मनकर्णाबाई तारखेला आल्या नाहीत आणि निकाल एकतर्फी लागला. घर खाली करण्याचा हुकूम घेऊन हरिदासभाऊच त्यांच्या दारी गेले.

"मले तं कागदच भेटला नाई," मनकर्णाबाई म्हणाल्या आणि उंबऱ्यातच बसल्या. ते ऐकून पुलगावहून परतलेल्या गुलाबबाई घरात पळाल्या आणि रडत रडत पेटीतलं समन्स घेऊन आल्या. मला फार लाज वाटली. अंगठा माझ्याच शाईचा होता ना.

मनकर्णाबाईंनी निकाल रद्द करण्यासाठी अर्ज केला. दिराचे वकील म्हणाले, अंगठा आहे, म्हणजे समन्स पोचलं. हरिदासभाऊंना साक्षीला बोलावलं. बाईने आपण घरातलीच असल्याचं सांगितलं, एवढं म्हणाले असते तर ते सुटले असते. पेन्शनला वर्षच उरलं होतं. पिशवीत माझी शाई गोठायची वेळ आली.

न्यायाधीशांनी विचारलं, नातं विचारलं होतं का?

"नाई विचारलं, साहेब. अंगठा घेतला अन् निघालो. चूक माही आहे."

निकाल रद्द झाला. मनकर्णाबाईंना आपली बाजू मांडायची संधी मिळाली. हरिदासभाऊंना लेखी ताकीद मिळाली, पण त्या दिवशी ते सायकलवर गुणगुणत घरी गेले. मला त्यांचा अभिमान वाटला.

आता बहुतेक जण सही करतात. आठ-आठ दिवस माझं झाकण उघडत नाही, तरी मी मजेत आहे. मित्रांनो, शाई वाळू नये म्हणून माझं झाकण तेवढं नीट लावत जा. आणि कागद हाती घेण्याआधी तो कोणाच्या नावाचा आहे, हे विचारत जा.

परवा त्याच गल्लीत राहणाऱ्या अंकुश नावाच्या माणसाचं समन्स घेऊन गेलो. तो घरी नव्हता. ओट्यावर गुलाबबाई होत्या. आम्हाला पाहताच त्यांनी दोन्ही हात पदराखाली घेतले.

"बसा भाऊ," त्या म्हणाल्या, "मी त्यालेच बलावून आणते."