कणकेची कड

सासूबाई गेल्या आणि खानावळीच्या भट्टीपुढची जागा रिकामी झाली. मामंजींनी फर्मान काढलं: रविवारी दोन्ही सुनांनी एकेक कॅसरोल, म्हणजे बंद भांड्यात मंद आचेवर शिजणारं मटण, भट्टीत लावायचा. जिचा चांगला उतरेल तिची भट्टी. दुसरीनं जन्मभर कांदे सोलायचे. थोरलीनं बावीस वर्षं तेच केलं होतं. आणखी बावीस करायची तिची अजिबात तयारी नव्हती.

तिनं मातीच्या भांड्यात तळाला बटाट्याच्या जाड चकत्या मांडल्या. वर रात्रभर भिजवलेला घेवडा, मग मटण, कांदा, पुन्हा बटाटा आणि बेताचं पाणी. झाकण ठेवून कडेनं कणकेची वळी दाबली. आता तीन तास मंद आच. मध्ये उघडलं की वाफ गेली, आणि घेवडा राहिला टणक.

"जाऊबाई, मीठ घातलंत ना? या वयात विसरायला होतं," धाकटी शेजारी स्वतःचं भांडं लिंपत म्हणाली.

"घातलंय. तुझी जीभ मात्र अळणी राहिलेली दिसत नाही."

शेवटच्या अर्ध्या तासात थोरली पाव आणायला गेली. परतली तर धाकटी भट्टीपुढून लगबगीनं बाजूला झाली आणि उगाचच गोड हसली. ते हसणं थोरलीला चांगलं ठाऊक होतं. तिनं भांडी बाहेर काढली. धाकटीच्या भांड्याची कड सगळीकडून खरपूस तांबूस. थोरलीच्या भांड्याची वीतभर कड पांढरीफटक.

ओरडली असती, तर मामंजी म्हणाले असते, बायकांचं नेहमीचंच. तिनं भांडं टेबलावर ठेवलं आणि पांढरी बाजू त्यांच्यापुढे वळवली.

"मामंजी, आधी कड बघा."

म्हाताऱ्यानं बोटानं दाबली. कणीक आत गेली. त्यांनी कड फोडली, चमचाभर रस्सा चाखला आणि तो तसाच थुंकला. "मूठभर मीठ जास्त!"

"यांचाच हात जड," धाकटी म्हणाली.

"गप्प बस. ही कड लावायची रीत कशामुळे आली, माहीत आहे? मी पावभट्टीवर कामाला होतो. बायका उतरत्या आचेवर भांडी ठेवून जायच्या आणि मी मटण लंपास करायचो. तुमची सासू एकदा फसली. पुढच्या खेपेला कणीक लावून आली. मी ती तोडून नवी चिकटवली. अशीच पांढरी राहिली! चारचौघांत तिनं माझी अब्रू काढली. पुढे लग्न केलं माझ्याशी, पण कणीक लावायची सोडली नाही."

"मी नुसता वास बघत होते," धाकटी पुटपुटली.

"कणीक तोडून? आणि मीठ काय वासाबरोबर आत गेलं?"

मामंजींनी भट्टीची किल्ली थोरलीपुढे सरकवली. तिनं ती कमरेला खोचली, कांद्यांची टोपली लाथेनं जावेच्या पायाशी ढकलली आणि सुरी कांद्यांवर टाकली.

"बारीक चीर. आणि रडायचं असेल तर आत्ताच रड, कांद्याच्या नावावर खपून जाईल."