मागचं दार

ईदच्या सुट्टीनंतर मेहजबीन कामावर आली ती शीरखुर्म्याचा मोठा डबा घेऊनच. हडपसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या आइस्क्रीमच्या कारखान्यात ती सुरक्षा अधिकारी होती. पॅकिंगच्या बायकांना तिनं शीरखुर्मा कबूल केला होता, म्हणून आपल्या केबिनकडे न जाता ती सरळ त्यांच्या हॉलमध्ये शिरली आणि दारातच थबकली.

समोर नवं मशीन उभं होतं. कप भरून झाकण लावणारं, चकचकीत, लांबलचक. त्याचा पट्टा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेला होता. हॉलचं मागचं दार पट्ट्याच्या पलीकडे राहिलं होतं.

"हे कधी बसवलं?"

"तुम्ही सुट्टीवर गेल्या अन् हे आलं," मथुराबाई म्हणाल्या. पॅकिंगमधल्या सगळ्यांत जुन्या त्याच. यवतमाळकडून आल्याला बरीच वर्षं झाली, तरी बोली तिकडचीच होती. "आज पूजा हाय म्हणे. मंग चालू."

मेहजबीननं डबा त्यांच्या हातात दिला आणि ती मॅनेजर दीनानाथांच्या केबिनमध्ये गेली.

"साहेब, मशीन बसवण्याआधी मला विचारायचं ठरलं होतं ना?"

"तुम्ही रजेवर होतात. लग्नसराई तोंडावर आलीये." दीनानाथांनी चहाचा कप खाली ठेवला. "आणि अहो, बदल पॅकिंगमध्ये झालाय. अमोनियाला कुणी बोटही लावलेलं नाही."

"अमोनिया जिथं होता तिथंच आहे, साहेब. बायकांचा रस्ता मात्र बंद झालाय."

दीनानाथांनी कप पुन्हा उचलला. त्यांना ते कळत नव्हतं असं नाही. कारखान्यातला सगळा गारवा अमोनियावर चालायचा, आणि त्याच्या कॉम्प्रेसरची खोली हॉलच्या पुढच्या दाराला लागूनच होती. गेल्या उन्हाळ्यात तिथल्या एका व्हॉल्व्हमधून थोडा वायू सुटला होता. थोडाच, पण डोळे उघडता येईनात आणि श्वास घेतला की छातीत आग. तेव्हा सगळ्या बायका मागच्या दारानं आवारात पळाल्या होत्या. खोकून बेजार झाल्या, पण वाचल्या. आता तसंच पुन्हा झालं तर त्यांना वायू जिथून येतोय त्या दिशेनंच पळावं लागलं असतं.

"रोहन सरांशी बोला," दीनानाथ शेवटी म्हणाले. "मशीन त्यांनी आणलंय."

रोहन मालकांचा मुलगा. परदेशातून शिकून आलेला, उत्साही, वडिलांना काहीतरी करून दाखवायची घाई असलेला. तो हार-नारळ घेऊन आला, पूजा झाली, पेढे वाटले गेले. मग मेहजबीन पुढे झाली.

"सर, हे मशीन आज चालू करता येणार नाही."

"का? काय प्रॉब्लेम आहे?"

तिनं सांगितलं. त्यानं ऐकूनही घेतलं.

"ओके, पॉइंट नोटेड. पण दार आहेच ना? पट्ट्याखालून वाकून जाता येतं. सीझन संपला की मशीन फिरवू. प्रॉमिस."

"वायूला सीझन सांगून ठेवाल का?"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. रोहनचा चेहरा बदलला. "मॅडम, निर्णय झालेला आहे. चालू करा रे."

मेहजबीन भिंतीवरच्या मेन स्विचकडे गेली. तो खाली ओढून तिनं खिशातलं लाल कुलूप त्याला अडकवलं. दुरुस्तीच्या वेळी मशीन चुकून चालू होऊ नये म्हणून वापरायचं ते कुलूप. कुलूप दाबल्याचा आवाज सगळ्या हॉलला ऐकू गेला. चावी तिनं कुर्त्याच्या खिशात टाकली. 

"हे काय चाललंय?" रोहन ओरडला. "चावी द्या!"

"देणार नाही."

"तुम्ही कुणाशी बोलताय कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय. म्हणून तर सर म्हणतेय." ती बायकांकडे वळली. "मावशी, सगळ्याजणी इकडे या. सरांचं म्हणणं आहे वाकून जाता येतं. जाऊन बघू. धावायचं नाही, ढकलायचं नाही. फक्त पदर, ओढणी, जे असेल ते डोळ्यांवर बांधा. गेल्या वर्षी डोळे उघडत नव्हते, आठवतंय ना?"

रोहन दीनानाथांकडे बघू लागला. दीनानाथ छताकडे बघत होते.

बायकांना आधी गंमतच वाटली. हसत, एकमेकींचे खांदे धरत त्या निघाल्या. पहिलीचं कपाळ पट्ट्याच्या कडेवर आपटलं. दुसरी वाकली ती पहिलीच्याच पायांवर पडली. मागच्या येतच राहिल्या आणि बघता बघता पट्ट्याशी सगळा गुंता झाला. कुणाचा हात कुणाच्या तोंडावर, कुणाची साडी कुणाच्या पायाखाली. "थांबा गं, थांबा!" कुणीतरी ओरडलं, पण मागच्यांना कळेना कुणी कुठं थांबायचं. मथुराबाईंचे गुडघे दुखरे. त्या पट्ट्याखाली शिरल्या आणि मधेच बसल्या. पुढे सरकता येईना, मागे येता येईना.

"मॅडम," त्या खालूनच म्हणाल्या, "मी मेली समजा."

मग कुणीच हसलं नाही.

मेहजबीननं त्यांना हात देऊन बाहेर काढलं. मथुराबाईंनी डोळ्यांवरचा पदर सोडला आणि त्या रोहनसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"मी नाही बसत इथं. या मशीनवर नाही अन् या हॉलमध्येच नाही. आधी दार मोकळं करा."

"मावशी, तुम्हाला कुणी भडकवलंय..."

"मले कोण भडकवन? आता मीच होती ना खाली अडकून."

त्या पुढच्या दारानं बाहेर पडल्या. त्यांच्यामागे एकेक करत सगळ्या गेल्या आणि आवारातल्या कडुलिंबाखाली जाऊन बसल्या. शीरखुर्म्याचा डबा तिथंच उघडला. रोहननं फिटरला कुलूप कापायला सांगितलं. फिटरनं कुलपाकडे बघितलं, मेहजबीनकडे बघितलं.

"कापतो सर. पण मशीनवर कोण बसणार?"

रोहन गाडीत बसून निघून गेला. जाताना काच खाली करून मेहजबीनला म्हणाला, "तुमची इथं आता गरज नाही."

"तसं लेखी द्या. आणि कारणही लिहा."

काच वर गेली.

संध्याकाळी कोंढव्यात घरी पोचली तेव्हा तिला एकदम थकवा आला. तिच्या पगारावर धाकट्या बहिणीचं, अफशीनचं, कॉलेज चाललं होतं. बुधवार पेठेतलं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान बंद करून अब्बा नुकतेच आले होते. अब्बा, शमशुद्दीन, कमी बोलणारे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"चावी दिलीस?"

"नाही."

"मग जेवून घे."

दुसऱ्या दिवशी बायका पुन्हा झाडाखालीच बसल्या. दुपारी रोहनचे वडील, शेठ, स्वतः आले. हॉलमध्ये गेले, पट्ट्यापाशी उभे राहिले, खाली वाकून बघितलं. त्यांचंही वय झालेलं, कंबरेवर हात ठेवूनच ते सरळ झाले. त्यांनी फिटरला बोलावलं. हॉलमध्ये आडवं आलेलं मशीन फिरवून भिंतीलगत न्यायचं ठरलं. त्यासाठी कपांची खोकी ठेवायची जागा गेली आणि मोठी ऑर्डर उशिरा निघाली. मागचं दार मोकळं झाल्यावर मेहजबीननं ते स्वतः उघडून, लावून, पुन्हा उघडून बघितलं. मगच कुलूप काढलं.

शेठ तिला एवढंच म्हणाले, "चारचौघांत पोराचा अपमान केलात."

"अपमान झाला असेल तर वाईट वाटतं. कुलपाचं वाटत नाही."

काढून टाकल्याचं पत्र आलं नाही. पगारवाढही आली नाही. रोहन तिच्याशी बोलायचा बंद झाला आणि दीनानाथ तिच्या केबिनवरून जाताना मोबाइलमध्ये बघू लागले. तिला याचा त्रास व्हायचा. घरी ती चिडचिडी झाली होती. पण नोकरी सोडायचं तिच्या एकदाही मनात आलं नाही.

पावसाळा सरता सरता दीनानाथ एक नकाशा घेऊन आले. गोठवण्याची नवी टाकी बसवायची होती.

"शेठ म्हणाले, आणण्याआधी तुम्हाला दाखवा."

तिनं नकाशा टेबलावर पसरला. टाकी कॉम्प्रेसरच्या खोलीतून बाहेर पडायच्या वाटेतच काढलेली होती. त्या खोलीत ऑपरेटर दिवसभर एकटा असायचा.

"हे कुणी आखलं?"

"रोहन सरांनी."

तिनं पेन उघडलं, टाकीवर काट मारली, नकाशाची गुंडाळी केली आणि उठली.

"द्या इकडे, मी पोचवतो," दीनानाथ घाईनं म्हणाले.

"नको साहेब. 'नाही' मीच म्हणतेय, तर वर रोहन सरांकडे जाऊन मीच सांगते."

आणि ती जिना चढू लागली.